बंडी उलटी

७ जानेवारी, मंगळवार

काम मिळालं. रंग द्यायचं. भिंतींना नाही — शब्दांना.

समीक्षा मॅडम इथे पुसदला कॉलेजात मराठी शिकवतात. खेड्यातल्या, तांड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करून त्यांच्यावर पीएचडी करताहेत. त्यांना असा माणूस पाहिजे होता ज्याच्याकडे गाडी आहे, इकडची बोली कळते आणि जो दिवसभर रिकामा आहे. तिन्ही बाबतीत माझ्यापेक्षा लायक कोणी सापडणं कठीण. शिक्षण विचारलं. म्हटलं, बी. ए. सेकंड इयरपर्यंत, मग लोहाऱ्याला एमआयडीसीत पॅकिंग, मग नागपूरला डिलिव्हरी, मग ट्रकवर आदिलाबाद. त्या म्हणाल्या, "म्हणजे भटकता." म्हटलं, हो, तेवढं एक टिकून केलं.

काम असं. गोष्ट ऐकायची, टाईप करायची. मग एकमेकांशी नातं असलेले शब्द हुडकून एका रंगात रंगवायचे. विहीर, पोहरा, घागर, तहान — हिरवे. मांडव, हळद, वरात — पिवळे. रंग बदलतो तिथे गोष्टीचा सांधा. सांगणारा एक विषय सोडून दुसरा कुठे धरतो, सोडलेला पुन्हा कुठे उचलतो, ते असं दिसतं. या रंगांच्या रांगेला त्या शब्दसाखळी म्हणतात.

येताना एक माणूस सायकलवर कपाटाचा आरसा बांधून चालला होता. आरशात सगळा रस्ता उलटा पळत होता. त्याच्या मागेमागे पार वाशीम रोडला गेलो. घरी दूध न्यायचं होतं ते विसरलो.

८ जानेवारी

बाबांबद्दल लिहायचं टाळतो आहे. लिहितो.

बाबा म्हणजे उकंडा टेलर. घराची पुढची खोली तेच दुकान. दिवाळी झाल्यावर झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं विस्कटलं. मी तेव्हा ट्रकवर. आलो, थांबलो, अजून गेलो नाही — माझ्यासाठी हा विक्रमच.

डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं. फक्त पाहिजे तो शब्द हाती लागत नाही, शेजारचा लागतो. कधी अर्थाने शेजारचा, कधी आवाजाने. पाणी पाहिजे असलं की 'चहा' म्हणतात. काल 'ताट, ताट' चाललं होतं. रुपाली वहिनीने ताट वाढून आणलं. ढकलून दिलं. त्यांना खाट उन्हात सरकवून पाहिजे होती. वहिनी म्हणाली, "मामाजी, आता हे वरण खाटेले चारू का?" बाबा हसले. अर्ध्या तोंडाने, पण हसले.

प्रफुल्लदादाला ते 'फुल' म्हणतात. वहिनीला 'बाई'. गल्लीतला मोत्या आला तर 'मोत्या', अगदी स्पष्ट. माझ्यासाठी काही नाही. माझ्याकडे बघतात आणि धंद्यातलं काहीतरी बोलतात, नाहीतर मान फिरवतात. कुत्र्याचं नाव शाबूत आहे आणि माझं गेलं.

असो. मोत्या रोज घरी असतो.

१० जानेवारी

धनीबाईच्या तांड्यावर गेलो. म्हातारी पक्की. मॅडमने मोबाईल समोर ठेवला तर म्हणाली, "हे झाकून ठेव व बाई, मले पाहून राह्यलं ते." मग माझ्याकडे वळली. "अन तुह्यं लगन झालं का?" म्हटलं, नाही. "गाडी हाय, मागची सीट खाली. मंग फिरते कायले?"

गोष्ट चांगली होती. पाण्याला गेलेली पोरगी, वाटेतला नाग, सासर. मी रात्रीपर्यंत थांबलो नाही, तिथेच झाडाखाली बसून रंगवून टाकली. धनीबाई दर वाक्यात 'बाई' म्हणते. मग बाई ती निघाली, मग बाई नाग आडवा. मी सगळ्या 'बाई' गुलाबी केल्या — पोरगी, सासू, नणंद यांच्या साखळीत.

मॅडमने बघितलं. "ही बाई गोष्टीतली नाही, अंकुर. ही मला मारलेली हाक आहे. हाकेला रंग देऊ नकोस."

"ओळखायचं कसं?"

"विहिरीपाशी बाई, लग्नात बाई, नाग चावला तिथेही बाई. प्रत्येक साखळीत घुसते आणि कुठल्याच साखळीची नसते. असा शब्द गोष्टीचा नसतो, ऐकणाऱ्याचा असतो."

सगळा गुलाबी पुसला. पान एकदम रिकामं दिसलं.

१२ जानेवारी, रविवार

आज मी मॅडमची चूक काढली! दुसऱ्या एका गोष्टीत त्यांनी 'बंडी' लुगडं-पागोट्याच्या साखळीत टाकली होती. म्हटलं, मॅडम, इकडे बंडी म्हणजे बैलगाडी. त्या साताऱ्याच्या. म्हणाल्या, "आमच्याकडे बंडी अंगात घालतात." म्हटलं, "घालतात इकडेही, म्हातारे लोक. पण ही गाडीच आहे. कोणीही सांगेल."

"कोणीही सांगेल हा पुरावा नाही. शेजारी दाखव."

शेजारी दाखवले. बैल, जू, धुरा. त्यांनी मान डोलवली आणि रंग पुसला. त्यांना काही वाटलं नाही. मला मात्र दिवसभर पंख फुटले होते.

१४ जानेवारी

तिळगूळ. बाबांनी डाव्या हाताने माझ्या हातावर ठेवला. काही बोलतील म्हणून थांबलो. म्हणाले, "बंडी."

१५ जानेवारी

रामराव काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, उमरखेडकडे गावी असतात, शेती त्यांच्याकडे आहे. दादा, वहिनी, काका, मी असे सगळे खाटेभोवती. प्रश्न एकच — बाबांना पाहिजे काय? आठवडाभर तेच तेच चाललं आहे. बंडी. चाक. तेल. उलटी. पुन्हा बंडी. वहिनीने 'उलटी' ऐकून घमेलं आणलं होतं, ते त्यांनी पायाने सरकवलं.

मी पुढे झालो. म्हटलं, यात साखळी आहे, मला येतं हे. बंडी म्हणजे बैलगाडी. चाक तिचं. तेल चाकाला. उलटी म्हणजे उलटली.

काका एकदम खाली बसले. "उलटली होती ना गा. लहानपनी. नाल्यात. भाऊच हाकत होता, मी मांगं कापसावर. मले तर काही लागलं नाई, पन तेच्या मनात राह्यलं असंन." त्यांचे डोळे भरले. काकांना मी कधी असं बघितलं नव्हतं.

मग सगळं भराभर ठरलं. बाबांना गावी न्यायचं. मोकळी हवा, भाऊ, बंडी. दादाला पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान टाकायचंच होतं, पण इतके दिवस बोलला नव्हता, आज बोलला. बाबांचं मशीन मेन रोडवरच्या एकाला पाहिजेच आहे. दादा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "पहिल्यांदा काही कामाचं शिकला बे."

बाबा माझ्याकडे बघत होते. "दोरा," म्हणाले. "बंडी. दोरा."

काका म्हणाले, "दोर पायजे तेले, बैलाचा. नवा घेतो भाऊ, घेतो."

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, समाधान झालं.

१९ जानेवारी, रविवार

बाबांना गावी सोडून आलो.

काकांनी बंडी धुऊन अंगणात उभी केली होती. चाकांना तेल. बैलांच्या शिंगांना रंग, पोळा असल्यासारखा. दोर नवाकोरा. शेजारपाजारचे जमले, जयभीम उकंडाभाऊ, जयभीम उकंडाभाऊ. जीपमधून खुर्चीसकट उतरवलं आणि बंडीसमोर ठेवलं.

बाबांनी बंडी बघितली. बैल बघितले. मग काकांकडे असं बघितलं, जसं दुसऱ्याचं माप घेऊन शिवलेला सदरा कोणी आपल्या अंगात घालू बघतंय. "नाई," म्हणाले. "नाई, नाई. बंडी."

काका म्हणाले, "हेच तं हाय बंडी, भाऊ!"

बाबांनी माझ्या शर्टाचा पुढचा भाग डाव्या मुठीत धरला आणि ओढला. "बंडी. दोरा. दोरा." काकांनी दोर त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी फेकून दिला. मग रडले. बैल बुजले त्या आवाजाने.

सगळे म्हणाले, जुनं आठवलं, होतं असं. दोन-चार दिवसांत रमतील. जीप परत निघाली. मी खिडकीतून कापसाच्या गाड्या बघत होतो आणि मनात कापूस, सरकी, जिनिंग, गाठी अशी साखळी करत बसलो, म्हणजे दुसरं काही यायला नको.

२० जानेवारी

काकांना फोन केला. जेवले का? — "थोडंसं." बोलले का? — "बंडी."

२२ जानेवारी

मॅडम म्हणाल्या, पुढचं काम किनवटकडे आहे. तिकडची गावं, कोलामी बोलणारे लोक, राहणं तिथेच, पावसाळ्यापर्यंत. एक तारखेला निघायचं. येशील? मी विचार न करता हो म्हटलं. पाय लगेच हलके झाले. नवी गावं, नव्या वाटा. इथे मला हाक मारणारं तसंही कोणी नाही.

मग काम करता करता बाबांचं सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. साखळी कशी जुळवली तेही सांगितलं — शाबासकी पाहिजे असेल.

मॅडमने विचारलं, "आणखी कुठले शब्द येतात?"

"पाय. पण तो त्यांचा पाय गेलाय, म्हणून."

"तो रंगवला नाहीस?"

"नाही."

"दोरा?"

"तो दोर आहे."

"ते दोरा म्हणतात, तू दोर लिहितोस." पेन खाली ठेवलं त्यांनी. "अंकुर, तू आधी रंग ठरवलास आणि मग शब्द निवडलेस. बसत नव्हते ते बाहेर टाकलेस. बंडीला पाय कुठे असतो?"

मी म्हटलं, नसतो. बाहेर कोणीतरी कॉलेजच्या गेटवर हॉर्न वाजवत होतं, वाजवत होतं.

चाक. तेल. पाय. दोरा.

पायमशीन.

पुढच्या खोलीत जन्मभर जे खडखडत होतं तेच. चाक हाताने फिरवायचं, पायाने चालवायचं, महिन्यातून एकदा तेल. लहान होतो तेव्हा तेलाची ती चोचीची बाटली माझ्याकडे असायची. आणि मी, टेलरचा पोरगा, पुसदच्या चौकातल्या कुठल्याही माणसासारखा बंडी म्हटल्यावर बैल शोधत गेलो. साताऱ्याचा माणूस चुकला नसता.

२३ जानेवारी

सकाळीच दादाला म्हटलं, मशीन देऊ नको. तो म्हणाला, "आता तुले काय झालं बे? तूच तं म्हनला बंडी म्हंजे गाडी." म्हटलं, चुकलो. "तुह्यं काय, तू चुकून किनवटले जाशील. दुकान मले पाह्यचं हाय." खरं आहे. तो काही वाईट माणूस नाही. रोज बाबांना आंघोळ त्याने घातली, मी नाही.

वहिनी मधे पडली. "दोन दिवस राहू द्या मशीन. काय खाते का ते?"

मग ती मला आत घेऊन गेली. मशीनच्या बाजूच्या कपाटात चिंध्या, उरलेली अस्तरं, आणि त्यांच्याखाली जाड खादी. कापलेली, अर्धी शिवलेली. बंडी. अंगात घालायची.

"हे तुमचीच हाय," वहिनी म्हणाली. "दिवाळीत मांगितली नोती का?"

मागितली होती, गंमत म्हणून. भाऊबीजेला मी म्हटलं होतं, बाबा, मला एक बंडी शिवा, खिसेच खिसे असलेली — चार्जरला एक, लायसनला एक, दाढीच्या सामानाला एक, म्हणजे बॅगच नको. बाबा चष्म्यावरून बघून नेहमीच्याच हाकेने म्हणाले होते, "पोरा, तुले खिसे पायजे का घर?" सगळे हसले. मी दुसऱ्या दिवशी ट्रकवर गेलो आणि विसरलो.

ते विसरले नव्हते. एक खिसा लावून झाला होता. आतल्या बाजूने. कापडाची उलटी बाजू वर धरून शिवला होता. बाबांनी! ज्यांनी आयुष्यात लहान पोराच्या चड्डीचाही खिसा चुकवला नाही. वहिनी म्हणाली, त्या दिवशी दुपारी ते मशीनवरून उठलेच नाहीत, दादाने उचललं. म्हणजे झटका आधी हाताला कळला होता.

बंडी उलटी. एवढंच सांगत होते. उलटी झाली, उसवायची आहे.

२५ जानेवारी

मशीन गावी नेलं. मालवाहू ऑटो रोडपर्यंतच आला, पुढे पांदणीची कच्ची वाट. काका बंडी घेऊन उभे. मग मशीन बंडीत चढवलं आणि बैल निघाले. काका म्हणाले, "घे, दोनी बंड्या एका जागी आल्या." मी बाजूने चालत होतो, मशीनवर हात ठेवून.

बाबा पडवीत होते. मी खादीची बंडी मांडीवर ठेवली. त्यांनी उलटा खिसा अंगठ्याने दाबून बघितला, डोळे मिटले, आणि अगदी हळू, "उलटी."

"हो बाबा. उसवू या."

डाव्या हाताने त्यांनी स्वतः उसवली. मी कापड ताणून धरलं. टाका टाका. काका कोपऱ्यात उभे होते. त्यांची नाल्यातली गोष्ट कोणी पुन्हा काढली नाही. बहुतेक बाबांच्या मनात ती कधीच नव्हती. काकांच्याच होती.

खिसा सुटला. मग बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "दोरा."

मी तयारीने गेलो होतो. पांढऱ्याचं रीळ दिलं. "नाई." पिवळट. "नाई." काळं दिलं, निळं दिलं. बॉबीन काढून दाखवली. सुईत ओवून दाखवलं. नाई, नाई. चिडले नाहीत या वेळी. थकल्यासारखे हसले, माझा हात धरून बसले. "दोरा," म्हणाले. मग झोपले.

काय रंग पाहिजे असेल? उद्या पुसदच्या मार्केटमध्ये खाकी बघतो. झेंडावंदनानंतर दुकानं उघडतील.

२६ जानेवारी

खाकी घेतला. बदामीही घेतला. दुकानदार म्हणाला, "उकंडाभाऊ शिवून राह्यले का पुन्हा?" म्हटलं, हो. खोटंच.

किनवटसाठी बॅग काढून ठेवली.

२७ जानेवारी, सोमवार

मॅडमकडचं काम संपवून निघालो होतो, पण पुन्हा बसलो. फोनवर बाबांचं बोलणं आहे — पंधरा तारखेचं, गावच्या अंगणातलं, परवाचं. सवयीने रेकॉर्ड करून ठेवलं होतं. धनीबाईची गोष्ट टाईप करतो तसं सगळं टाईप केलं. आधी शब्द, नंतर रंग. या वेळी एकही बाहेर टाकायचा नाही.

बंडी, उलटी — निळा. चाक, तेल, पाय — लाल. नीट बसले. दोरा निळ्यात घातला, कारण शिवण. पण मग दिसलं की तो लालमध्येही आहे. 'चाक, दोरा, तेल.' तहान लागली तिथेही आहे: 'चहा, दोरा.' पाणी मागताना दोरा कशाला? बंडी उसवून झाल्यावर आहे. हात धरून झोपतानाही आहे. आणि दादा बोलतो तिथे एकदाही नाही. काका बोलतात तिथे नाही. वहिनी जेवण भरवते तिथे नाही.

मॅडम पर्स उचलत होत्या. विचारलं, "कुठला शब्द राहिला?"

"दोरा. हा सगळ्या साखळ्यांत घुसतो."

त्या निघता निघता थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, जसं मी काहीतरी बोलणार आहे.

२८ जानेवारी

दोऱ्याचा रंग पुसला. हाकेला रंग द्यायचा नसतो.

ताट — खाट. दोरा —

आत्ता गावी पोचलो. अंगणात गाडी बंद केली, तोच पडवीतून आवाज. "दोरा?"

"हो बाबा. मीच."